पट्टीच्या आत सव्वा फूट

बुधवार, दुपार

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा हे सांगते की बाबा ठीक आहेत, मी ठीक आहे, घर जागेवर आहे. तुझ्या खोलीपासून आपलं घर सायकलवर पस्तीस मिनिटं, आणि तरी आई पत्र पाठवते म्हणजे काहीतरी बिघडलंय, एवढं तू ओळखशीलच. फोन मी तीनदा केला. पहिल्यांदा तू मीटिंगमध्ये होतीस. दुसऱ्यांदा मी तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. तिसऱ्यांदा तू उचललास आणि मी विचारलं, जेवलीस का? तू म्हणालीस, हो, जेवले. मग मी ठेवून दिला. सत्तावीस वर्षं चौकात उभी राहून नुसत्या हाताने गाड्या थांबवणारी बाई पोटच्या पोरीशी एक वाक्य धड बोलू शकत नाही, ह्याला काय म्हणावं! बाबा म्हणतात, तुझ्या आईला शिट्टीशिवाय बोलता येत नाही. आज माझी साप्ताहिक सुट्टी. ते दुकानात गेलेत. मी ओटा आवरला, टेबल पुसलं, परत पुसलं, आणि शेवटी कागद घेऊन बसले.

सोमवारी चौकशी आहे हे मी तुला काय सांगायचं, तूच अर्जावर अर्ज करून तारीख मिळवलीस. त्या दिवशी एका बाजूला तू आणि तुझी सायकलवाली मंडळी बसणार, समोर बस ड्रायव्हरांची युनियन, आणि मधल्या खुर्चीत मी, हातात माझाच पंचनामा. अधिकारी विचारतील, ही सही तुमची का, हा मजकूर खरा का. मी हो म्हटलं की त्या बसवाल्या भोंग्याची नोकरी गेली, मागून कोर्ट आहेच, कदाचित तुरुंगही. पंचनामा टिकला नाही, तर तुझी सायकलींची हिरवी पट्टी खरवडून काढायला टपलेले लोक दुसऱ्या दिवशी हजर होतील ही तुझी भीती, आणि ती काही खोटी नाही. गेल्या रविवारचं तुझं भाषण बाबांनी मोबाईलवर लावलं होतं. तू स्टुलावर उभी होतीस, वारा सुटला होता, तरी तुझं एकेक अक्षर कळत होतं. आमच्याकडे मोजमाप आहे आणि ते एका प्रामाणिक हवालदाराने घेतलेलं आहे, असं तू म्हणालीस. माझं नातं काढलं नाहीस, पण आवाज जरासा ओला झाला तुझा. बाबांनी कौतुकाने माझ्याकडे बघितलं. मी भाजी करपतेय म्हणून आत गेले, आणि गॅसवर तेव्हा काहीच नव्हतं.

बस आणि सायकलच्या त्या अपघाताला आज बावीस दिवस झाले आणि चौकाचं डोकं फिरलंय. मोटारवाले सायकल दिसली की मुद्दाम हॉर्न दाबतात, सायकलवाले मुद्दाम रस्त्याच्या मधून रमतगमत जातात, बसवाले हिरवा सिग्नल पडला तरी हलत नाहीत आणि वर 'आम्ही सांभाळून चालवतोय' म्हणतात. आम्हाला वरून हुकूम, की दोघांवरही कारवाई दिसली पाहिजे. म्हणजे दोघांच्याही शिव्या खायला मी एकटी. परवा एका मोटारीतल्या गृहस्थाने काच खाली करून मला विचारलं, तुम्ही पोलीस आहात की सायकलवाल्यांच्या कार्यकर्त्या? पाचच मिनिटांनी एका सायकलवालीने मला गाडीवाल्यांची चमची म्हटलं. तिला ठाऊक नसावं मी कुणाची आई ते. काल तर मी हात कुठल्या बाजूला केला होता हेच विसरले आणि दोन्हीकडची वाहनं एकदम सुटली. कुणाला लागलं नाही, नशीब. मी सिग्नलच्या खांबाला धरून उभी राहिले आणि लोकांना वाटलं बाईंना ऊन लागलं.

तू म्हणशील, आई, तुला ह्या सगळ्याची सवय आहे. गर्दीची सवय आहे गं. त्या खुणेची नाही. सायकल पडली म्हणून मी जिथे खडूने आखलं, ते पुसलं जाऊ नये म्हणून तुझ्या पोरांनी त्यावरून पांढरा ऑइलपेंट फिरवला. दोन चाकं, हँडल, आणि पट्टीच्या कडेपासून आत दाखवणारा बाण, त्याच्यापुढे ठळक अक्षरात 'सव्वा फूट आत'. तिथून जाणारी प्रत्येक सायकल आता घंटी वाजवते. सकाळी सहा ते दुपारी दोन मी त्या खुणेसमोर उभी असते. एका तासात दोनशेच्या वर घंट्या होतात. ते बिचारे त्या जखमी मुलीसाठी वाजवतात, पण मला प्रत्येक घंटी माझं नाव घेऊन वाजल्यासारखी वाटते. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं झालंय. जेवण जात नाही. रोज डबा तसाच परत येतो आणि बाबा तो घासून ठेवतात.

ती पट्टी तुझी आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तू नऊ वर्षांची होतीस, शाळेला सुट्टी, बाबा माल आणायला गेलेले, म्हणून तुला माझ्या चौकीच्या टपरीत आणून बसवलं होतं. तू गप्प बसावीस म्हणून मी वही दिली आणि सांगितलं, जाणाऱ्या सायकली मोज. दुपारपर्यंत तुझ्या एक्केचाळीस झाल्या. मग तू बाहेर येऊन, भर वाहतुकीत माझी पँट ओढून विचारलंस की ह्या सायकलींनी जायचं कुठून? मी म्हटलं, कडेने. तू म्हणालीस, कडेला तर गटाराच्या जाळ्या आहेत, चाक अडकतं. त्यानंतर पंधरा वर्षांनी तू तेच मोजमाप घेऊन दारोदार फिरलीस, चार वर्षं चपला झिजवल्यास, तेव्हा कुठे तो पाच फुटांचा हिरवा रंग लागला. पहिल्या दिवशी तू त्यावरून गेलीस तेव्हा मी तुला सॅल्यूट ठोकला होता. नियमात बसत नाही ते. आणि पुढच्याच आठवड्यात तू लाल सिग्नल तोडलास म्हणून तुला खाली उतरवलं, सायकल हातात धरून घरापर्यंत चालत जायला लावलं, तेही नियमात बसत नाही. दोन दिवस तू माझ्याशी बोलत नव्हतीस, पण बाबांना हसून हसून सांगत होतीस, हे मी स्वयंपाकघरातून ऐकलं आहे.

आता त्या सकाळचं सांगते. तुला जे माहीत आहे ते पंचनाम्यातलं माहीत आहे. आठाला दहा कमी होते. भोंगा त्याची बस घेऊन पुलावरून उतरत होता. तुम्ही सगळे त्याला भोंगा म्हणता ते उगीच नाही, सायकल दिसली की त्याचा हात हॉर्नवर गेलाच. तोंडाचाही फटकळ. पण बावीस वर्षांत त्याच्या बसखाली कोंबडीसुद्धा आलेली नाही, आणि दिवसातून जितक्या वेळा चौकातून जाईल तितक्या वेळा दोन बोटं कपाळाला लावून मला रामराम करेल. मी तेव्हा पलीकडच्या बाजूला पाठ करून एका टेम्पोला वळवत होते. ब्रेकचा आवाज आला. मी वळले, तर बसच्या पुढे रस्त्यावर एक नारिंगी पाठ आणि एक वेणी.

नारिंगी जाकिटं तूच वाटलीस, तीनशे. माझ्या चौकातून रोज पन्नास तरी जातात. तरी त्या क्षणी मला एकच नारिंगी जाकीट माहीत होतं. आदल्या दिवशी तू म्हणाली होतीस, सकाळी तुझ्या चौकातून जाईन, हात करीन. मी धावले. शिट्टी तोंडात होती, ती वाजवत नव्हते, चावत होते. अजून तिच्यावर दातांचे ठसे आहेत. त्या मुलीपाशी बसले, तिचं तोंड माझ्याकडे केलं, आणि ती तू नव्हतीस. दवाखान्यात सकाळच्या पाळीला निघालेली कुणा दुसऱ्याची लेक, नर्स. आणि मला आनंद झाला, भिंगरी. ती कण्हत होती आणि मला आनंद झाला. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, बाबांनाही नाही.

आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांचा एक नियम होता, आधी खूण मग हात. अपघातातलं वाहन उचलण्याआधी त्याच्या दोन्ही चाकांभोवती खडू फिरवायचा, मगच त्याला शिवायचं. म्हणून खडू कायम माझ्या वरच्या खिशात असतो, तुला माहीत आहे, किती शर्ट पांढरे झालेत. पण तिचा पाय सायकलच्या सांगाड्यात अडकला होता आणि ती ओरडत होती. भोंगा खाली उतरून आला होता. आम्ही दोघांनी मिळून सायकल उचलली आणि खांबाला टेकवली. ह्यात काही चूक नव्हती. उद्या तसं झालं तर मी पुन्हा आधी पायच सोडवीन. नियमातही त्याची सोय आहे. जखमीला सोडवण्यासाठी वाहन आधी हलवले, मूळ जागा नक्की सांगता येत नाही, एवढी एक ओळ पंचनाम्यात लिहायची असते. एक ओळ!

ती मी लिहिली नाही. रुग्णवाहिका तिला घेऊन गेली, पुलापर्यंत गाड्या तुंबल्या, हॉर्नने कान फुटायची वेळ आली आणि तेवढ्यात साहेबांची जीप आली. ते जीपमधूनच म्हणाले, खूण केलीस ना? मी म्हटलं, हो. साहेबांनी काही विचारलं की माझ्या तोंडातून आधी हो निघतं, मग मी विचार करते. सत्तावीस वर्षांची खोड. ते म्हणाले, फोटोवाला येतोय, रस्ता मोकळा करा. मग मी खडू काढला आणि वाकले. कुठे पडली होती सायकल? खरं तर मला दिसली होती ती नारिंगी पाठ, सायकल नव्हेच. पट्टीच्या बाहेर काढायला हात धजेना. बाहेर काढलं असतं तर पोरीची चूक ठरली असती, आणि तिच्या अंगावर तुझं जाकीट होतं. मी पट्टीच्या आत काढलं. मग टेप लावून मोजलं, अगदी काटेकोर, सव्वा फूट. तुझ्या गटातल्या कुणीतरी फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो सगळीकडे झाला.

त्या नर्सला मी दोनदा भेटून आले. धोका टळलाय, खुब्याचं हाड जुळतंय, काठी घेऊन चालेल म्हणतात. तिला त्या सकाळचं काही आठवत नाही. घरी बुटाची नाडी बांधली आणि मग थेट दवाखान्याचं छत, मधलं सगळं कोरं. तिने माझा हात हातात घेऊन सांगितलं की ताई, तुम्ही पाय सोडवलात म्हणून वाचला. तिच्या आईने मला सफरचंद कापून दिलं. मी ते खाल्लं. नाही कसं म्हणणार?

आणि गेल्या गुरुवारी भोंगा आला. निलंबित आहे, तरी इस्त्रीचा शर्ट घालून, हातात रिकामी पिशवी घेऊन, बाजाराला निघाल्यासारखा. बराच वेळ त्या ऑइलपेंटसमोर उभा होता. सायकली घंटी वाजवत त्याला वळसा घालून जात होत्या, त्यांना कुठे माहीत हा कोण ते. मग माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता हा भांडणार, आणि बरं वाटलं, भांडू दे एकदाचा. तर तो हळूच म्हणाला, ताई, एक विचारायचं होतं. मला सारखी तिथे पट्टीत एक गाडी उभी असल्यासारखी आठवते. तिला वळसा घालून ती पोर बाहेर आली असं दिसतं मला. पण तुमच्या कागदात गाडी नाही. तुम्ही तिथेच होता, तुम्ही मोजलंय. मग मला भास होत असेल का हो? माझी बायको म्हणते, डॉक्टरला दाखवा. मी त्याला काय सांगितलं माहीत आहे? मी म्हटलं, आराम करा. तो बरं म्हणाला, दोन बोटं कपाळाला लावली आणि पिशवी सावरत निघून गेला. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या खडूवर त्याचा जास्त विश्वास, हे बघून मला पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली.

त्या गाडीवरून तू त्याची किती थट्टा केलीस! भुताची गाडी म्हणालीस. तुझ्या पोरांनी पुठ्ठ्यावर चाकं लावलेलं भूत काढलं, ते पेपरातही आलं. बसमधले दोन प्रवासीही गाडी होती म्हणत होते, पण त्यांना युनियनने पढवलं असं सगळ्यांनीच ठरवलं. चौकातला कॅमेरा आठ महिने बंद आहे. तुझा काही दोष नाही. आईच्या कागदात गाडी नाही म्हणजे नाहीच, असं तू धरून चाललीस.

गाडी होती. कोपऱ्यावरच्या बेकरीची, पावाची गाडी. ती रोज आठाला पंधरा कमी असताना हिरव्या पट्टीत येऊन उभी राहते, ट्रे उतरवते आणि दहा मिनिटांनी जाते. रोज माझ्या डोळ्यांदेखत. त्या सकाळीही ती तिथेच होती, पट्टी पुरती अडवून. म्हणजे जिथे मी चाकं काढली तिथे सायकल पडूच शकत नव्हती, तिथे त्या गाडीचं मागचं दार होतं. रुग्णवाहिकेला जागा हवी म्हणून मीच शिट्टी मारून गाडीला हाकललं. रुग्णवाहिकेसाठी हाकललं की साहेबांनी ती तिथे बघू नये म्हणून, हे तू मला विचारू नकोस. दोन्ही होतं.

का उभी राहू देत होतेस, हे तर तू विचारशीलच, कारण दीड वर्षापूर्वी त्या गाडीविरुद्ध पहिला अर्ज तुझाच होता. तो फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला. तेव्हा मी बेकरीवाल्याला दम भरला आणि गाडी मागच्या गल्लीत जायला लागली. तू खूश झालीस. पण माझ्या चौकात बाईमाणसाला जायला जागा नाही गं. पुरुष हवालदार भिंतीआड जातात. मी इतकी वर्षं त्या बेकरीच्या मागच्या संडासात जाते. मी दम भरला त्या दिवसापासून बेकरीवाल्याची चावी हरवली. भांडण नाही, शिवी नाही, फक्त हसून 'मॅडम, चावी सापडत नाही' म्हणायचा. मी सकाळी पाचपासून पाणी पिणं सोडलं. महिनाभर. तुला आठवतं, मला ताप आला होता, लघवीला आग होत होती, आणि तू दोन दिवस रजा काढून माझ्या उशाशी बसलीस, उन्हात पाणी पीत नाहीस म्हणून रागावलीस? ते ऊन नव्हतं. बरी होऊन कामावर गेले, आणि पहिल्याच सकाळी गाडी पट्टीत दिसली तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. दुपारी चावी सापडली. तुझा दुसरा अर्ज आला, त्यावर मी लिहिलं, 'पाहणी केली, अडथळा आढळला नाही'. खाली सही. तिसऱ्यावरही तेच. तू म्हणालीस, आईने बघितलंय म्हणजे झालं, आणि पुढे अर्ज केला नाहीस.

म्हणजे हिशेब असा आहे की ती पोर तिच्या जागी बरोबर होती, भोंगा त्याच्या जागी बरोबर होता, आणि त्या दोघांना एका अरुंद जागेत आणून सोडणारी मी. तुझ्या लढाईत तू बसवाल्यांशी भांडत होतीस आणि पट्टी अडवणारी घरात बसून तुला पोळी वाढत होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय! माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत. बाबांनी तुमच्या त्या नदीकाठच्या रस्त्यावर चालायला म्हणून माझ्यासाठी कॅनव्हासचे बूट आणून ठेवलेत, खोक्यासकट कपाटात आहेत. हे सगळं बाहेर आलं की काय काय जाईल ते मला पाठ आहे, रोज सकाळी शिट्टी गळ्यात घालताना मी तेच म्हणत असते. त्यातलं सगळ्यात जास्त भय तुझ्या तोंडाचं आहे. तू हे वाचताना खालचा ओठ दाताखाली धरशील, लहानपणापासून धरतेस.

आता हे पत्र का लिहिलं ते. सोमवारी खरं सांगायचं असं मी ठरवलं आहे. पण मागच्या गुरुवारीही ठरवलं होतं, आणि भोंगा समोर उभा असताना मी त्याला आराम करा म्हटलं. शुक्रवारी साहेबांच्या दारापर्यंत गेले, ते म्हणाले, काय, सगळं ठीक ना? मी म्हटलं, हो. माझा मला भरवसा राहिलेला नाही, भिंगरी. त्या खुर्चीत बसल्यावर, साहेब समोर असताना, मजकूर खरा का असं विचारल्यावर माझ्या तोंडून काय निघेल हे मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हणून हे सगळं तुझ्या हातात देते आहे. प्रत्येक पानाच्या खाली मी सही केली आहे, बिल्ला नंबर आणि तारीख घातली आहे, जशी सरकारी कागदावर घालतात तशी. सोमवारी मी नीट बोलले, तर हे घरी आण, आपण दोघी मिळून जाळू. पण मी हो म्हणाले, तर उठ आणि ही पानं अधिकाऱ्यांच्या हातात दे. त्याने तुझी माणसं तुझ्यावर चिडतील, तुझी पट्टीही कदाचित जाईल, हे मला कळतं. दुसऱ्या कुणाकडे दिलं असतं तर त्याने दाबून ठेवलं असतं. तू ठेवणार नाहीस. फक्त देताना माझ्याकडे बघू नकोस, नाहीतर तुला माझी दया येईल. आईला वाचवू नकोस, बाळा. त्या माणसाला सांग की त्याने जे पाहिलं ते खरंच तिथे होतं.

तुझीच,
आई